चौथी खुर्ची रिकामी का होती

मी खुर्ची बोलतेय. नाव ऐकून लगेच कान टवकारू नका. जिच्यासाठी माणसं पक्ष बदलतात आणि एकमेकांची तोंडं बघेनाशी होतात, ती खुर्ची मी नव्हे. मी साधी, बसायची. निळं कापड, लोखंडी पाय, दोन हात आणि कुणी पाठ टेकली की करकर आवाज. तरीही एके काळी या शहरात मला न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. गंमत म्हणजे ही सगळी ओळख माझ्यावर कुणी बसलं नव्हतं म्हणून झाली.

माझा जन्म फर्निचरच्या कारखान्यातला. आम्ही चौघी बहिणी एकाच दिवशी तयार झालो. कापड ठोकणारा कारागीर तोंडात खिळे धरून काम करायचा, त्यामुळे तो फारसा बोलत नसे. माझी पाळी आली तेव्हा नेमका त्याला घरून फोन आला. खिळे हातावर काढून तो बोलत राहिला आणि त्या नादात पाठीचा एक स्क्रू अर्धाच पिळून वर कापड ठोकून मोकळा झाला. माझ्या पुढच्या आयुष्याला तो अर्धा स्क्रू जबाबदार आहे.

आम्हा चौघींना एका स्थानिक वृत्तवाहिनीने घेतलं. स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं गोदाम. भिंतींना काळा फोम चिकटवलेला, मागे शहराचं भलंमोठं चित्र. त्या चित्रात आकाश निळंशार होतं आणि रस्त्यावर एकही खड्डा नव्हता. निवेदकाचं टेबल समोरून काचेसारखं चकचकीत, मागून मात्र नुसतं प्लायवूड. निवेदक कमरेच्या वर कोट-टाय घालायचा आणि खाली घरातल्या चपला. तो भाग कॅमेऱ्यात येत नाही ना, मग झालं.

स्टुडिओला एकच दार होतं, जाडजूड, गादी लावलेलं. त्याच्यावर बाहेरच्या बाजूने लाल दिवा. दिवा लागला की कार्यक्रम चालू, आत यायचं नाही. दाराला कुलूप मात्र नव्हतं. आग लागली तर माणसं अडकतील म्हणून तपासनीसाने ते काढायला लावलं होतं. हे कुलपाचं लक्षात ठेवा.

पहिल्याच दिवशी आवाजाचं काम बघणाऱ्याने माझी करकर ऐकली आणि कानावरचे हेडफोन काढून ओरडला, "ही कुणी आणली? पाहुणा मागे टेकला की कुणीतरी दार उघडून आत आल्यासारखं वाटतंय!"

तेल घालून झालं, खाली पुठ्ठा सारून झाला. माझी खोड काही गेली नाही. मग मला रांगेत शेवटी, चौथ्या जागेवर ढकलण्यात आलं.

तिथून मी माणसं पाहिली. नेते दोन प्रकारे बसतात. लाल दिवा लागेपर्यंत पसरून आणि दिवा लागल्यावर पुढे सरकून, जणू आता उठून कुणाचा तरी गळाच धरणार. एकमेकांना खोटारडे, लबाड म्हणणारे दोघे जाहिराती सुरू झाल्या की एकाच चार्जरवर फोन लावायचे. "काय हो, आज जरा जोरात लागलं का?" असं एकाने विचारलं की दुसरा म्हणायचा, "छे छे, मस्त झालं!" सुरुवातीला मला याचं आश्चर्य वाटायचं. नंतर सवय झाली.

या सगळ्यांच्या तोंडाला पावडर लावायचं काम मावशींचं. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, हाताने हलक्या, बोलायला त्याहून मऊ. स्टुडिओत सगळे त्यांना मावशीच म्हणत. जाहिराती लागल्या की त्या डबी घेऊन आत यायच्या, सगळ्यांचा घाम टिपायच्या आणि दिवा लागायच्या आत बाहेर. त्या यायच्या तेव्हा बाहेरच्या बातम्याही आत यायच्या. बाकी आम्हा खुर्च्यांना बाहेरचं कोण सांगणार?

रिकाम्या खुर्चीची कल्पना निर्मातीबाईंची. एकदा रस्त्यांच्या कामाचा एक बडा अधिकारी येतो म्हणून आला नाही. बाई म्हणाल्या, "खुर्ची तशीच ठेवा. समोर त्याच्या नावाची पाटी, वर एक दिवा. लोकांना दिसू दे." रिकामी खुर्ची करकरत नाही, म्हणून मान माझ्याकडे आला. तासभर कॅमेरा पुन्हा पुन्हा माझ्यावर येत होता आणि वरच्या तापलेल्या दिव्याने माझ्या डाव्या हातावर एक जळका डागही पाडला. खरं सांगते, मला अभिमान वाटला. त्या अधिकाऱ्याने लपण्यासारखंच केलं होतं आणि मी न बोलता ते चव्हाट्यावर आणलं होतं. दुसऱ्या दिवशी तो धावत आला.

मग नगराध्यक्षपदाची निवडणूक लागली.

मागची पाच वर्षं जे अध्यक्ष होते ते पुन्हा उभे होते. त्यांच्याविरुद्ध एक वकील आणि एक व्यापारी. आणि या तिघांच्या मध्येच कुठल्याही पक्षाची नसलेली एक निवृत्त परिचारिका. चौतीस वर्षं तिने नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात काढली होती. अर्धं शहर तिच्या हातावर जन्मलेलं, आणि सगळं शहर तिला सिस्टर म्हणायचं. तिचा मुद्दा एकच होता. अध्यक्षांनी हे प्रसूतिगृह बंद करून शहराबाहेर बावीस किलोमीटरवर नव्या मोठ्या इमारतीत हलवायचं ठरवलं होतं. सिस्टर म्हणत होती, नवी इमारत जरूर चालवा, पण इथल्या चोवीस खाटा हलवू नका. कळा सुरू झालेली बाई बावीस किलोमीटर थांबत नाही.

हे मला मावशींकडून कळलं. कोट झटकता झटकता त्या निवेदकाला म्हणाल्या होत्या, "माझी लेक पाच महिन्यांची गरोदर आहे. जावई फिरतीवर असतो. ते प्रसूतिगृह घरापासून दोन गल्ल्यांवर आहे हो. ते राहिलं पाहिजे."

निवेदक म्हणाला, "मग मत द्या की सिस्टरला."

"देणारच आहे."

मतदानाच्या चार दिवस आधी चारही उमेदवारांची चर्चा ठरली. वेळ रात्री आठची. पाहुण्यांनी साडेसातला यायचं. पण त्याच दिवशी दुसऱ्या वाहिनीवर मोठा सामना होता, म्हणून निर्मातीबाईंनी दुपारी कार्यक्रम अर्धा तास अलीकडे ओढला. पाहुण्यांना निरोप देणारी मुलगी नेहमीच्या पद्धतीने वागली. पक्षांची प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांचा एक फोनवरचा गट होता, त्यात तिने एक ओळ टाकली आणि हात झटकले. सिस्टरला पक्षच नव्हता, त्यामुळे ती त्या गटात नव्हती. एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

साडेसातला दिवा लागला. तिघे हजर, चौथी मी, माझ्यासमोर सिस्टरच्या नावाची पाटी. पाच मिनिटं वाट पाहून निवेदकाने कानातल्या बटणातून आलेली सूचना ऐकली आणि आवाज चढवला. "शहरातल्या मातांसाठी लढायला निघालेल्या सिस्टर आज जनतेच्या प्रश्नांना सामोऱ्या यायला का घाबरल्या?" वरचा दिवा माझ्यावर आला.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला. "मला त्यांच्याविषयी आदरच आहे," ते म्हणाले. "पण रुग्णालय चालवायचं म्हणजे निदान वेळ पाळता आली पाहिजे."

पहिल्या जाहिराती लागल्या. मावशी डबी घेऊन जवळजवळ पळतच आल्या. "अहो, सिस्टर आल्यात! बाहेर माझ्या खोलीत बसल्यात. त्यांना आठची वेळ दिली होती. साडेसातला त्या खाली फाटकावर वहीत सही करत होत्या."

निवेदकाचा चेहरा पडला. तो कॉलरच्या माइकमध्ये काहीतरी पुटपुटला आणि कधी न येणाऱ्या निर्मातीबाई स्वतः आत आल्या.

"आत घेऊ या," निवेदक म्हणाला.

"आणि सांगू काय? वेळ कळवायला आम्ही विसरलो? तू आत्ताच त्यांना घाबरट म्हणालायस." बाईंनी हातातला फोन त्याच्या नाकासमोर धरला. "हे बघ. लोक खुर्चीचे फोटो काढून एकमेकांना पाठवतायत. महिन्यात एवढे प्रेक्षक कधी मिळाले नव्हते. पुढच्या ब्रेकला बघू."

"पण त्या बाहेर बसल्यात."

"मग बसू देत. बसायलाच आल्या होत्या ना?" आणि मावशींकडे वळून, "त्यांना म्हणावं, दोन मिनिटं."

हे सगळं अध्यक्षांपासून दोन हातांवर चाललं होतं. त्यांनी ऐकलं. मान खाली घालून ते फोन बघत राहिले. वकिलांनी पाणी मागितलं. व्यापारी म्हणाला, "एसी जरा वाढवा हो." तिघांपैकी एकही जण 'त्यांना आत बोलवा' म्हणाला नाही.

दुसऱ्या जाहिराती झाल्या. दोन मिनिटं. तिसऱ्या झाल्या. दोन मिनिटं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण आवाज करावा. जी करकर मला नेहमी नडायची ती आज व्हावी, सगळ्यांना ऐकू जावी. पण कुणी बसल्याशिवाय खुर्ची काय करणार?

कार्यक्रम संपला, लाल दिवा विझला आणि दार उघडून सिस्टर आत आली. फिक्या रंगाची साडी, करडे केस घट्ट बांधलेले. पावडर सांडू नये म्हणून मावशींनी गळ्याशी खोचलेला पातळ कागद तसाच होता. वायरी गुंडाळणारी माणसं थांबली.

"आता बसू?" तिने विचारलं.

"संपलं सिस्टर," निवेदक तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुम्ही आत यायचं होतं ना सरळ."

"दिवा लाल होता. चौतीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत तसल्याच दिव्याखाली काम केलंय मी. आत कुणाचं तरी पोट उघडलेलं असतं. लाल दिव्याला दार उघडायचं नसतं." ती माझ्याजवळ आली. मावशींच्या खोलीतल्या टीव्हीवर तिने पाऊण तास मला पाहिलं होतं. तिने समोरची तिच्या नावाची पाटी सरळ केली आणि ती गेली.

त्या रात्रीपासून माझं चित्रण फोनाफोनांवर फिरलं. कुणीतरी त्याला रडकं संगीत लावलं. प्रचारात अध्यक्षांच्या माणसांनी टेम्पोवर एक प्लॅस्टिकची खुर्ची बांधून गल्लोगल्ली फिरवली. माझ्याशी तिचं काडीचं साम्य नव्हतं, पण लोक ओळखून हसायचे. सिस्टर चौकाचौकात हातातला भोंगा घेऊन सांगत होती, "मी आले होते. मी दाराबाहेर होते." चौकात दीडशे माणसं ऐकायची, फोनवर दीड लाख बघायची. आणि डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं मानायचं? खुर्ची तर रिकामीच होती. आमच्या वाहिनीने खुलासा केला. मतदान झाल्यावर, पहाटे सहाला, पडद्याच्या तळाशी धावणारी एक ओळ, एकदाच.

सिस्टर सहाशे अकरा मतांनी पडली.

ती माझ्यामुळेच पडली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. माणसं मत का देतात हे स्टुडिओत रोज तासभर सांगणाऱ्यांनाही कळलेलं नसतं. पण सहाशे अकरा म्हणजे फार नव्हेत. आमच्या इमारतीच्या दोन बाजूंच्या गल्ल्यांत तेवढी माणसं राहतात.

वाहिनीने यातून धडा घेतला तो असा, की रिकामी खुर्ची चालते. मग दर मोठ्या चर्चेला मी रिकामी असू लागले. कुणी खरंच यायचं नाही, कुणाला उशिरा कळवलं जायचं, कुणाला बाहेर दोन मिनिटं बसवलं जायचं. ज्या कामाचा मला अभिमान होता त्याची मला लाज वाटायला लागली.

तीन महिन्यांत प्रसूतिगृहाला टाळं लागलं. त्यानंतर चार आठवड्यांनी मावशी कामावर आल्या नाहीत. आठ दिवसांनी आल्या तेव्हा त्यांच्याकडे बघवत नव्हतं. लेकीला अपरात्री कळा आल्या होत्या. गाडी मिळेपर्यंत अर्धा तास गेला आणि बाराव्या किलोमीटरला, रस्त्याच्या कडेला, मागच्या सीटवर मुलगी झाली. बाळ जगलं. लेकीचं रक्त इतकं गेलं की ती तीन आठवडे खाटेवर होती.

त्या दिवशी पाहुणे होते अध्यक्ष. विषय, नव्या रुग्णालयाचं पहिलं यश. मावशींनी पावडरचा पफ त्यांच्या कपाळापर्यंत नेला आणि हात तिथेच थांबला.

"काय झालं मावशी?" अध्यक्ष हसून म्हणाले.

"काही नाही," असं म्हणून मावशींनी त्यांचं कपाळ नीट टिपलं. महिनाअखेरीला त्यांनी काम सोडलं. जाताना विचारलं, "ती करकरणारी खुर्ची नेऊ का?" सेट बदलायचाच होता. निर्मातीबाई म्हणाल्या, "न्या की, भंगारातच जायची होती."

मावशींनी घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस कापायचं दुकान टाकलं. एक आरसा, एक बेसिन, भिंतीवर छोटा टीव्ही आणि मी. इथे माझ्यावर रोज माणसं बसतात. आता माझ्या करकरीला कुणी काही म्हणत नाही. मावशी मात्र अधूनमधून माझ्याकडे बघत उभ्या राहायच्या. रस्त्यात लांबून सिस्टर दिसली की त्या गल्ली बदलायच्या, हे लेकीच्या टोमण्यांवरून मला कळायचं.

अशी चार-साडेचार वर्षं गेली. निवडणूक पुन्हा आली आणि बंद प्रसूतिगृह उघडा म्हणून सिस्टर पुन्हा उभी राहिली. परवा दुपारी ती दुकानाच्या दारात आली.

"केस कापायचेत. उद्या टीव्हीवर बोलावलंय," ती म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर पडली. जवळ येऊन तिने माझ्या डाव्या हातावरचा जळका डाग अंगठ्याने चाचपला. "ही तीच ना?"

"तीच," मावशी म्हणाल्या.

सिस्टर बसली. पाठ टेकली, मी करकरले. पाच वर्षं उशिराने का होईना, ती माझ्यावर बसली होती. "कमरेला बरी आहे," ती म्हणाली.

मावशींनी तिच्या गळ्याशी कापड बांधलं, कात्री घेतली आणि खाली ठेवली. "सिस्टर, त्या दिवशी तुम्ही उठला होतात. 'दार ढकलून जाऊ का?' म्हणून मला विचारलंत. मी म्हटलं, 'थांबा, आत्ता बोलावतील.' बोलावणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मी आतून ऐकून आले होते. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही. आणि नंतर तुम्ही ओरडून सांगत होतात तेव्हाही बोलले नाही. मग माझीच लेक..." त्यांनी पदराने डोळे पुसले.

सिस्टरने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मला राग आहे. नाही म्हणणार नाही." मग, "लेक बरी आहे का आता? आणि मुलगी?"

"बरी आहेत. नात साडेचार वर्षांची झाली."

"मग रडतेस कशाला? काप केस. आणि उद्या माझ्याबरोबर चल. ते दार फार जड आहे, मला एकटीला रेटायचं नाही."

काल संध्याकाळी दोघी गेल्या. दुकानात मावशींची लेक टीव्ही लावून उभी राहिली आणि नात माझ्यावर चढून पाय हलवत बसली. नवा सेट, नव्या खुर्च्या, पण मागचं शहराचं चित्र जुनंच आणि निवेदकही जुनाच. तीन पाहुणे आणि चौथी खुर्ची रिकामी. तिच्यावर दिवा.

"आजही," निवेदकाने आवाज चढवला, "आजही सिस्टर यांनी जनतेकडे पाठ..."

त्याच्या मागे, शहराच्या त्या निळ्या आकाशाच्या कडेला, उजेडाची उभी रेघ दिसली. रेघ रुंद झाली. जड दार पाठीने रेटून धरलेल्या मावशी दिसल्या आणि त्यांच्या पुढून, गळ्याशी कागद तसाच खोचलेला ठेवून, सिस्टर आत आली. कॅमेरा बावरला, खाली वळला, क्षणभर निवेदकाच्या चपला अख्ख्या शहराला दिसल्या.

"आजी!" नात ओरडली आणि हसत मागे रेलली. मी करकरले.

सिस्टर चौथ्या खुर्चीवर बसली. "वीस मिनिटं बाहेर बसले होते," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "ह्या बाई साक्षीदार आहेत. आता प्रसूतिगृहाबद्दल बोलू या."

मतमोजणी व्हायची आहे. निकाल काय लागेल ते मला सांगता यायचं नाही, आणि मधल्या वर्षांत प्रसूतिगृहावाचून ज्या बायकांचे हाल झाले, ते त्याने पुसलेही जाणार नाहीत. मी म्हातारी झालेय, कापड विरलंय, तो अर्धा स्क्रू आता कधीही निघेल. तुमच्याकडे एकच मागणं आहे. पडद्यावर कधी माझ्यासारखी रिकामी खुर्ची दिसली, तर न आलेल्या माणसाला नावं ठेवायच्या आधी एवढं विचारा, की दाराबाहेर कोण बसलंय.